रिकामा स्लॉट

१

जुना ड्रायव्हर काढायचा. मशीन बंद करून चालू करायचं. नवा ड्रायव्हर टाकायचा. परत बंद, परत चालू. एवढं केलं की कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड ताळ्यावर येतं, असं जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांचं म्हणणं आहे. मी दुपारी टेम्पो खाली केला की ताईच्या घरी जायचो आणि हेच करत बसायचो.

सल्ला प्रत्येकाकडे होता. ताई गेल्यावर जे लोक दारातच उभे राहून "काही लागलं तर सांग" म्हणून सटकले, तेच लोक कॉम्प्युटर बिघडलाय म्हटल्यावर आत येऊन बसले. मेलेल्या माणसाबद्दल कुणाला काही सुचत नाही, ड्रायव्हरबद्दल सगळ्यांना सुचतं. माझा एक मावसभाऊ मोठ्या कंपनीत आहे. तो तिकडून व्हिडिओ कॉल लावून उंटावरून शेळ्या हाकत होता.

"सगळ्यात नवा नको टाकूस. त्याच्या आधीचा टाक."

"टाकला."

"मग त्याच्याही आधीचा."

"तोपण झाला. आता काय, कार्ड जन्माला यायच्या आधीचा टाकू?"

"तू स्क्रीनवर काय लिहून येतंय ते नीट वाचतोस ना?"

मी नववीत शाळा सोडली हे त्याला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच विचारतो. मी फोन ठेवला.

लिहून काय येत होतं ते मला पाठ होतं. मशीन चालू व्हायचं, थोडा वेळ गुणी बाळासारखं चालायचं, मग स्क्रीन अचानक काळी. पापणी मिटावी तेवढीच. परत उजेड आला की कोपऱ्यात एक पाटी: डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता पूर्ववत झाला आहे. पूर्ववत म्हणे. दोनचारदा असं झालं की सगळंच गार पडायचं.

ताई घरं काढायची. म्हणजे बिल्डरने अजून बांधलेलीच नाहीत अशी घरं, विकण्यापुरती. सोफा, पडदे, खिडकीतून आलेलं ऊन, सगळं ती कॉम्प्युटरवर उभं करायची आणि गिऱ्हाईक बाणांच्या कळा दाबत त्या घरातून फिरायचं. शेवटचं घर तिने मात्र कुणा बिल्डरसाठी केलं नव्हतं. "तुला आणि आईला दाखवते झालं की," एवढंच म्हणाली होती. ते घर या मशीनमध्ये होतं आणि कार्ड चालल्याशिवाय तो प्रोग्राम उघडत नव्हता.

मला ते बघायचंच होतं, कारण दुसरं काही बघायला मला ठेवलं नव्हतं. ताई गेली तेव्हा मी सोफे घेऊन बाहेरगावी होतो. फोन आला तशी गाडी वळवली. भाऊजींना सांगितलं, मी निघालोय, थांबा. भाऊजी थांबले नाहीत. मी पोचलो तेव्हा सगळं उरकून लोक चहा पीत बसले होते. ताईचा चेहरा मला दिसला नाही.

"उशीर करण्यात अर्थ नव्हता रे," भाऊजी म्हणाले. बशीत चहा ओतता ओतता.

२

प्रोग्राम उघडला तो एका दुपारी, असाच, का ते ठाऊक नाही. मी ड्रायव्हर टाकून कंटाळलो होतो, खुर्चीला लाथ घातली होती, आणि घर उघडलं.

हॉल. डावीकडे खिडकी. मधे बुटकं टेबल, पलीकडे राखाडी सोफा. सोफ्याच्या मागून एक बोळ आत गेलेला, त्याच्या टोकाला झोपायची खोली. साधं घर. आमच्याकडे जेवढे पैसे कधीतरी जमले असते, तेवढ्यात मावेल असं.

ताईचे दोन नियम होते. एकदा मी तिच्या मागे उभा राहून बघत असताना तिने सांगितले होते. पहिला, खोलीत माणूस ठेवायचा नाही. माणूस ठेवला की बघणाऱ्याला वाटतं, इथे आधीच कोणी राहतंय. दुसरा, जे दिसणार नाही ते काढायचं नाही. तिच्या कपाटांना पाठ नसायची. दारांना आतली बाजू नसायची. खोलीच्या आत उभं राहून मागे वळलं तर दार असायचंच असं नाही. "मशीनला कशाला उगाच ओझं," म्हणायची.

मी हॉलमध्ये दोन पावलं पुढे गेलो. स्क्रीन काळी झाली. उजेड आला. पाटी आली.

सोफ्याची एक गादी दबलेली होती.

आधी होती का? मी नीट बघितलं नसेल, असं म्हटलं. पण दिवसभर मी दुसरं करतो काय? सोफे चढवतो, सोफे उतरवतो. दुकानातली कोरी गादी कशी असते आणि कोणी बसून उठल्यावर ती कशी राहते, हे मला झोपेतसुद्धा कळेल. कोरी गादी मधे फुगीर असते. ही मधे खोलगट होती आणि पुढच्या कडेला जरा जास्त, म्हणजे बसणारा उठताना पुढे सरकून हाताने जोर देऊन उठला होता. ताईने तसं मुद्दाम काढलं असेल? सोफा वापरलेला दिसावा असं गिऱ्हाइकाला दाखवायला? कोण मूर्ख तसं करेल?

बघत बसलो. गादी हळूहळू वर येत होती. चांगला स्पंज येतो तशी.

मी मशीन बंद केलं. बटण दाबून नाही, भिंतीतून पिन उपटून.

३

भाऊजींनी बोलावलेल्या माणसाला सगळे इंजिनियर म्हणतात. त्याचं दुकान जिन्याखाली आहे आणि पँट कायम घसरलेली असते. आला तो आधी ताईच्या खोलीचं निरीक्षण करून म्हणाला, "हवा छान येते हो इथे." मी म्हटलं, हवा बघायला बोलावलं नाही.

"ड्रायव्हर टाकून बघितला?" त्याने विचारलं.

मी खुर्ची मागे सारून उठलो. भाऊजी मधे पडले. "तो रोज तेच करतो. दुसरं काही असलं तर बघा."

कॉम्प्युटरचा खोका टेबलाखाली होता, भिंतीला चिकटून. इंजिनियर झाकण काढून आडवा झाला. त्याचे नुसते पाय बाहेर. भाऊजी दारातच उभे होते. आत पाऊल टाकत नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटलं, वाईट वाटून घेण्याचं नाटक चाललंय. हल्ली ते हॉलमध्ये झोपायचे आणि या खोलीचं दार ओढून ठेवायचे.

"आता बघा," टेबलाखालून आवाज आला. "स्क्रीन काय म्हणते?"

"चालू आहे."

"आता?"

काळी झाली.

"गेली."

"आणि आता?"

"आली."

तो सरपटत बाहेर आला आणि हाताची धूळ माझ्या खांद्यावरच्या टॉवेलला पुसली. "मदरबोर्ड. कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं ना, त्याच्या मुळाशी बोर्डाला चीर गेलीय. केसाएवढी. बोटाने दाबून धरलं की टिकतं, सोडलं की कार्डाचा संबंध तुटतो. क्षणभरच. पण मशीनला वाटतं, ड्रायव्हर मेला. ड्रायव्हर बिचारा काय करणार? त्याच्या पायाखालची जमीन जाते आणि तुम्ही त्याला नवे बूट घालता."

आपल्याच विनोदावर तो हसला. मी हसलो नाही.

मला ताई आठवली. डोळ्यांपुढे काळं होतं म्हणायची. क्षणभरच, मग परत दिसतं. तर डोळ्यांच्या डॉक्टरने चष्म्याचा नंबर बदलला. मग दुसरा चष्मा. मग पित्ताच्या गोळ्या. मग भाऊजी म्हणाले, स्क्रीनसमोर कमी बस. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. डोक्यातली शीर फुगत चालली होती आणि ही सगळी डिग्रीवाली मंडळी काचा बदलत होती. फुटल्यावर सगळ्यांनी एकमताने सांगितलं, लक्षणं होती.

इंजिनियरने कार्ड आणि डिस्क काढून दुकानात नेली. संध्याकाळी मी मागोमाग गेलो. त्याच्या मशीनवर कार्ड मजेत चालत होतं. ताईचं घरही उघडलं त्याने. हॉल, खिडकी, बोळ. सोफ्याच्या सगळ्या गाद्या फुगीर, कोऱ्या. तो भराभर कळा दाबत सगळ्या खोल्यांतून फिरून आला. कुठे काही नव्हतं. स्क्रीन एकदाही काळी झाली नाही.

"बघा, काम शाबूत आहे," तो म्हणाला. "ही कॉपी घेऊन जा. आईंना दाखवा. नवा बोर्ड मागवतो, येईल तेव्हा बसवू."

कॉपी घेतली. डिस्क परत घेतली. कार्ड त्याच्याकडेच राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण तिथे बघितलेल्या घरातून काहीतरी निघून गेलेलं होतं, आणि ते काय हे त्या पँट सावरणाऱ्याला विचारून उपयोग नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी ताईच्या खोलीत जाऊन मी डिस्क लावली. कार्ड नव्हतं, म्हणून स्क्रीनची वायर बोर्डाच्याच भोकात खुपसली. तेवढ्यावर अक्षरं दिसतात, घर उघडत नाही, असं इंजिनियरने बजावलं होतं. मला फक्त बघायचं होतं की कार्ड नसताना मशीन काय म्हणतं. खरं सांगायचं तर तेही नाही. मला त्या खोलीत बसायला कारण हवं होतं.

मशीन चालू झालं. मी यादी उघडली, जिथे आत काय काय जोडलंय ते दिसतं. सगळ्यात वर ग्राफिक्स कार्डाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं: हे उपकरण नीट चालू आहे.

खाली वाकून बघितलं. स्लॉट रिकामा होता. काळी फट, तिच्यात थोडी धूळ. परत वर बघितलं. नीट चालू आहे.

म्हटलं, जुनी नोंद राहिली असेल. बोर्डच वेडा आहे तर यादी शहाणी कुठून असणार. हे मी मोठ्याने म्हणालो, आणि मोठ्याने म्हटल्यावर मला खोलीतला आवाज ऐकू आला. त्या कार्डाला पंखा होता. मशीन चालू झालं की तो घुमायला लागायचा, आधी हळू, मग एका सुरात, दळण चालल्यासारखा. मी तो इतके दिवस ऐकला होता की आता माझं लक्षही जात नव्हतं. तो आवाज येत होता. आणि तो पंखा जिन्याखालच्या दुकानात टेबलावर पडलेला होता.

दुसरे पंखे असतात आत. असतील. मी एकेकावर हात धरून बघितला. तो आवाज त्यांचा नव्हता. तो रिकाम्या जागेतून येत होता, आणि हात नेला तर तिथे वाराही लागत होता.

पळून जायला हवं होतं. माझ्या जागी मावसभाऊ असता तर गेला असता आणि वर त्याचं शास्त्रीय कारण सांगितलं असतं. मी खुर्चीवर बसलो आणि घर उघडलं.

उघडलं. इंजिनियरच्या मशीनवर उघडलं होतं त्याहून स्वच्छ. खिडकीतलं ऊन जमिनीवरून थोडं सरकलेलं. सोफ्यावर कोणी नव्हतं, गादीही कोरी. पण बोळाच्या टोकाचं दार, जे काल दुकानात उघडं होतं, ते आतून ओढून घेतलं होतं. पूर्ण नाही. बोटभर फट ठेवून.

आईचा फोन आला. "कुठे आहेस रे?"

"ताईकडे."

तिने फोन ठेवला. तेव्हा मला कळलं मी काय बोललो. दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

५

दारापर्यंत जायला किती दुपारी लागल्या ते मोजलं नाही. दोन पावलं टाकली की स्क्रीन काळी व्हायची आणि उजेड आला की मी परत हॉलमध्ये. मशीन बंद, चालू, बंद, चालू. टेम्पोचा मालक ओरडला, मी त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. भाऊजी बाहेरून विचारायचे, "काय करतोस आत?" मी म्हणायचो, "ड्रायव्हर टाकतोय." तेवढ्यावर ते गप्प बसायचे. या घरात कुणालाही गप्प करायचं असेल तर ड्रायव्हर म्हणावं.

शेवटी एकदा आत पोचलो.

झोपायची खोली. पलंग, कपाट. पलीकडची भिंत कोरी. आणि भिंतीशी, माझ्याकडे पाठ करून, ताई उभी होती.

घरातला तोच विटका गाऊन. केस वर गुंडाळून पेन्सिल खोचलेली. मानेवरचा तीळ. ताईने स्वतःचा तीळ काढला असता? स्वतःची पाठ कोण बघतं, कोणाला माहीत असतं तिथे काय आहे?

मी हाक मारली. मूर्खासारखी, स्क्रीनला तोंड लावून. ती हलली नाही. तिचे खांदे मात्र श्वास घेतल्यासारखे वरखाली होत होते.

चेहरा बघायचा होता. मी कळा दाबत पलंगाच्या बाजूने वळसा घेतला, तिच्या समोर आलो आणि वळलो. तिथे कोणी नव्हतं. पलंग, कपाट, रिकामी खोली. आलो त्या बाजूला दारही नव्हतं, नुसती सपाट भिंत. परत मागे आलो, तर ती होती, पाठमोरी. पुन्हा समोर गेलो, नव्हती. जे दिसणार नाही ते काढायचं नाही. तिला पुढची बाजू नव्हती.

मी मागे उभा होतो आणि स्क्रीन काळी झाली.

उजेड आला तेव्हा तिचा डावा हात भिंतीवर होता. पंजा सपाट, बोटं ताणलेली. असा हात मी बघितला होता. शेवटच्या महिन्यात ती ओट्यापाशी, जिन्यात, कुठेही मधेच थांबायची आणि भिंतीला हात लावायची. "काही नाही रे. क्षणभर काळं झालं." मग हात काढायची आणि चालायला लागायची.

इथेही तसंच. थोड्या वेळाने हात खाली आला. स्क्रीन काळी झाली. उजेड आला, हात भिंतीवर, या वेळी दोन्ही. परत काळी. परत उजेड. आता तिचे गुडघे वाकले होते आणि कपाळ भिंतीला टेकलं होतं.

मी बटण दाबायला हात नेला आणि तो हवेतच थांबला. बंद केलं की तिकडे काय होतं? चालू केलं की काय होतं? इतके दिवस मी रोज दुपारी येऊन बंद, चालू, बंद, चालू करत होतो.

६

"भिंतीला हात लावते ना?"

भाऊजी दारात होते. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"तुम्ही कधी बघितलं?"

"तू यायला लागायच्या आधी."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं?"

"काय सांगू? तुझ्या आईला काय सांगू?" ते प्रथमच खोलीत आले. अनवाणी होते, पाय गारठल्यासारखे जपून टाकत होते. "बोर्ड आलाय. इंजिनियर येतोय बसवायला. हे संपवू या."

"बसवल्यावर ती राहील का?"

"नाही राहणार. दुसऱ्या मशीनवर होती का?"

"मग नाही बसवायचा. मला चेहरा बघायचाय तिचा."

"नको बघूस."

"तुम्ही सांगणार मला? तुम्ही? थांबला असतात त्या दिवशी, तर आज मी या डबड्यासमोर..."

"मी बघितला होता तो चेहरा," भाऊजी म्हणाले. "म्हणून थांबलो नाही."

मला उत्तर द्यायचं होतं. जिव्हारी लागेल असं तयारच होतं. तेवढ्यात बेल वाजली, भाऊजी दार उघडायला गेले, आणि स्क्रीन काळी झाली. उजेड आला तेव्हा ताई जमिनीवर बसली होती, भिंतीवर वर धरलेला एक हात तेवढा टिकून होता. परत काळी व्हायच्या आत मी टेबलाखाली घुसलो.

इंजिनियरने दाखवलं होतं ते ठिकाण मला माहीत होतं. रिकाम्या स्लॉटच्या मुळाशी बोट लावलं आणि दाबलं. बोर्ड किंचित वाकला. वर पंख्याचा आवाज, जो अडखळत होता, एका सुरात आला.

"अहो, तिकडे कार्डच नाही, काय दाबताय?" इंजिनियरचे बूट दारात आले होते. "आणि चालू मशीनमध्ये हात घालू नका, शॉक बसेल."

"तू गप्प बस. भाऊजी, स्क्रीन बघा. काय दिसतं?"

टेबलाखालून मला स्क्रीन दिसत नव्हती. दिसत होते ते पाय. भाऊजींचे अनवाणी पाय टेबलाजवळ आले.

"काळी झाली का?" मी विचारलं.

"नाही."

"ती?"

"उठतेय," भाऊजी म्हणाले. आवाज अगदी हळू. "उठली."

"हात?"

"खाली घेतला. भिंत सोडली तिने."

बोर्ड गरम होत चालला होता. बोट भाजत होतं, पण सरकवायची हिंमत नव्हती. इतक्या दिवसांत कुणी तिच्यासाठी केलं नाही ते मी करत होतो. काचा नाहीत, गोळ्या नाहीत. नेमकं जिथे तुटलं होतं तिथे बोट. मला वाटलं, एवढं धरून ठेवलं तर तिच्या डोळ्यांपुढे परत काळं होणार नाही. चेहरा नाही दिसला मला, तरी चालेल. तिला दिसत राहू दे.

"आता काय करतेय?"

"उभी आहे." मग, "वळतेय."

"तिला पुढची बाजू नाहीये, भाऊजी."

त्यांच्या पायाची बोटं फरशीवर आवळली गेली.

"भाऊजी, दिसते का? ताईच आहे ना?"

इंजिनियरचे बूट वळले. धावले नाहीत, नुसते वळून चालायला लागले, आणि बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला नाही. भाऊजींचे पाय एकेक करून मागे सरकले. टाच, पंजा, टाच, पंजा, पलीकडच्या भिंतीपर्यंत.

"बोट काढ," ते म्हणाले.

"का?"

"तू बघू नकोस. वर येऊ नकोस. आहेस तिथूनच बोट काढ."

मी काढलं नाही. त्यांचं ऐकून माझं कधी भलं झालंय? बोटाची कातडी बोर्डाला चिकटल्यासारखी झाली होती, आणि पंखा इतका शांत, इतका एका सुरात चालला होता की दुसरं सगळं स्वच्छ ऐकू यायचं. म्हणून वर टेबलावर कीबोर्डची कळ दाबली गेली तेही ऐकू आलं. पुढे जायची कळ जरा सैल होती, तिचा आवाज वेगळाच यायचा. थोडं थांबून परत. थोडं थांबून परत, सावकाश, एकेक पाऊल टाकल्यासारखी.

भाऊजींचे दोन्ही पाय भिंतीपाशी होते, टाचा भिंतीला टेकलेल्या.